शिवणीतली माया

यकृताच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. गळ्यातली टेप काढायला तो विसरला होता.

"माझी गाठ काढली ना? मग आता कसला रिपोर्ट?"

"अहो, त्या गाठीतली जनुकं तपासलीत. आजार पुन्हा उलटेल का, ते त्यावरून कळतं म्हणे."

"एवढ्याशा तुकड्यावरून?"

"तुम्ही नाही का नव्या कापडाचा तुकडा भिजवून बघत? तसंच."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतील. औषध देतील."

"कापड आटणारं निघालं तर मी शिवणीत माया जास्त सोडतो, आत दोन बोटं जादा कापड. पण ते कापायच्या आधी. इथे तर कापून झालंय."

"हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. तुझे हात का एवढे गार पडलेत?"

"पंख्यामुळे."

"पंखा बंद आहे."

"पुढचे कोण? आत या," नर्सने हाक मारली.

"तुम्ही बसा. मी एकटी जाऊन ऐकून येते."

"का म्हणून? कापड माझं आहे."

"आणि माया कुणाची? उठा, दोघंही जाऊ."