शांतवनला सलाम सांग

मुखी तुझे नाम । दारी उभा भाऊ ।
आधी कुठे जाऊ । सांग देवा ॥

मंडळी, सलाम! बसा, बसा. मागच्या बायांनो, पुढं सरका, मी काही खात नाही तुम्हाला! आता मला एक सांगा. प्रभूवर लक्ष ठेवा, प्रभूवर लक्ष ठेवा, असं आपण उठता-बसता म्हणतो. पण लक्ष ठेवायचं म्हणजे बघायचं कुठं? वर? वर तर पत्रा आहे, आणि पत्र्याखाली चिमण्यांची घरटी! हसू नका. आज मी हसवायला आलो नाही, आज माझं डोकं तापलेलं आहे.

गावाचं नाव सांगत नाही, उगाच तुमच्या ओळखीचं निघायचं. त्या गावात शांतवन उजागरे नावाचा एक पंच, चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. काय भक्ती! पहाटे प्रार्थना, जेवताना प्रार्थना, फटफटीला किक मारताना प्रार्थना! शास्त्र तोंडपाठ. आणि तीन घरं सोडून सख्खा थोरला भाऊ राहायचा, याकोब. त्याच्याशी सहा वर्षं अबोला!

कशावरून? ऐका. उपासनेत गाणं उचलायचं काम याकोबकडं. एका रविवारी पट्टी जरा वर गेली, म्हाताऱ्याचा आवाज फाटला. शांतवननं माईक ओढला आणि भर उपासनेत म्हणाला, "दादा, बस खाली. देवालाही कान आहेत!" लोक खो-खो हसले. याकोब खाली बसला. त्या दिवसापासून त्यानं देवळात तोंड उघडलं नाही. चूक कुणाची? शांतवनची! हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. पण सेक्रेटरीनं माफी मागायची? छे! मान खाली जाते ना!

पुढं याकोबनं अंथरूण धरलं. प्रभूच्या मरणाचा दिवस, उत्तम शुक्रवार, तोंडावर आला. त्या दिवशी आपल्यात काय असतं? बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि त्यावर बोलायला सात वक्ते. शांतवनच्या वाट्याला आला पहिला. तो कशाचा? — बोला की, जिभा काय घरी ठेवून आलात? — क्षमेचा! आता काय म्हणावं!

बुधवारी सकाळी शांतवन ओट्यावर भाषण घोकत बसला होता. एवढ्यात याकोबची बायको आली, रूथवहिनी. पायरीखालीच उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी तुम्हाला सलाम सांगितलाय."

इथं थांबा. तुम्ही म्हणाल, सलाम तर आपण रोजच करतो. पण या दोघांचा बाप मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेबाला माणूस हवा असला, तर साहेब कधी 'बोलाव' म्हणायचा नाही. म्हणायचा, "त्याला सलाम सांग." म्हणजे काय? असशील तसा निघून ये! ही पोरं त्याच बोलीत वाढली. आईनं भाकरी टाकली की याकोब विहिरीवर जाऊन ओरडायचा, "शांत्या, आईनं सलाम सांगितलाय!" आणि शांत्या ओल्या चड्डीनं पळत सुटायचा.

मग बुधवारी त्याला कळलं नसेल का? कळलं! काळजात लख्खकन कळलं. पण कळून घ्यायचं नव्हतं. शब्दाचे दोन अर्थ असले की आपण सोयीचा उचलतो. तो म्हणाला, "माझाही सलाम सांगा दादाला. म्हणावं, प्रार्थनेत आठवण करतो."

वहिनी बघतच राहिली. मग आल्या वाटेनं गेली.

गुरुवारी परत आली. "भाऊजी, ह्यांनी परत सलाम सांगितलाय. पाणीसुद्धा उतरत नाही हो घशाखाली."

शांतवन उठला. चपलेत एक पाय घातलासुद्धा. आणि काढला! म्हणाला, "वहिनी, उद्याचं एवढं होऊ द्या. या घडीला प्रभूवरचं लक्ष ढळायला नको."

ऐकलंत? प्रभूवरचं लक्ष ढळायला नको!

शुक्रवार उजाडला. देवळावर कर्णा लावलेला. शांतवन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा राहिला आणि असा बोलला, असा बोलला, की बायांचे पदर भिजले. "क्षमा मागायला उशीर करू नका!" म्हणताना तो स्वतःच रडला. त्याला वाटलं, आता उठावं आणि तडक दादाकडं जावं. पण पुढचे सहा वक्ते बाकी. सेक्रेटरी मधूनच उठला तर लोक काय म्हणतील? बसला. सातवा उद्गार झाला. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली, लोकांनी हात मिळवले. मग निघाला.

याकोबच्या दारात चपलांचा ढीग! शांतवन त्या चपला तुडवत आत शिरला.

"वहिनी, कधी?"

"चौथा उद्गार चालला होता."

"दादा… काही म्हणाला?"

"तुमचं सगळं ऐकलं त्यांनी. खिडकी उघडायला लावली. म्हणाले, बरं बोलतोय गं. आता इकडंच येईल बघ, मला उठवून बसव. मी भिंतीला टेकवून बसवलं. दुसरा उद्गार झाला, तिसरा झाला. दाराकडं बघत होते."

ती बाई ओरडली नाही, मंडळी. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतवननं भावाचे पाय धरले. गार पडलेले पाय! "दादा, चुकलो रे!" म्हणाला. कोण ऐकणार? प्रार्थना करायला गेला, तर तोंडपाठ शास्त्रातली एक ओळ त्याला आठवेना.

काय? डोळे पुसताय? पुसू नका! रडायला काही लागत नाही. शांतवनही रडला होता, माईकवर! मला तुमच्या पाळकसाहेबांनी सगळं सांगितलंय. या दोन सख्ख्या जावा बघा, एकाच बाकाच्या दोन टोकांना, मधे चार पोरं ठेवून! आणि तो खांबाआड बसलेला भाऊ, बापाच्या मातीलाही गेला नाही. नाव घेऊ?

नाही घेत. पेटीवाले, थांबा जरा. कुणाला कुणाकडं जायचं असेल त्यानं आत्ता उठावं. कीर्तन अर्धं टाकून गेलात तर प्रभू रागावणार नाही, माझी हमी! उठा.

उठा की!

कुणीच नाही?

बरं. पेटीवाले, द्या सूर. गाणं म्हणू. तेवढंच येतं आपल्याला.