आधी शाल, मग विषय

मंडळी, एक सांगा! कष्टाच्या माणसाचा मान कशात असतो? खांद्यावरच्या शालीत, की त्याचं म्हणणं ऐकून घेण्यात? माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही ना येत? मग ऐका!

देवळाईवाडीला मुलांना कामधंदा शिकवणारी एक संस्था. तिथं विमलबाई खोचरे शिकवायच्या, यंत्रांच्या मोठ्या जाणकार. गावाभोवती बेदाण्याची सात कोल्ड स्टोरेज! पण यंत्र बिघडलं, की मेकॅनिक कुठून? दोनशे मैलांवरून! बाईंनी मालकांकडून लेखी आणलं – "या कामाचा वर्ग काढा, शिकलेल्या अठरा जणांना कामावर घेतो." अठरा पोरापोरींनी नावंही दिली. राहिलं काय? संस्थेच्या समितीची मंजुरी!

आता समितीची पद्धत ऐका. आधी सत्कार, मग विषय! पहिल्या सभेत नव्या तलाठ्याचा सत्कार. भाषणं, भजी, चहा – "बाई, उशीर झाला, पुढच्या सभेत बघू!" दुसऱ्या सभेत जुन्या तलाठ्याचा! तिसऱ्या सभेला कुणीच सापडेना, तर अध्यक्ष बापूसाहेब सरगरांनी उपाध्यक्षांचा केला, आणि उपाध्यक्षांनी त्यांचा! हसताय? बाई हसत नव्हत्या हो! यादीतलं एकेक पोर येऊन सांगत होतं, "बाई, मी निघालो शहराकडं, हमालीला." बाईंचा जीव नुसता तुटायचा.

आणि एक दिवस, बापूसाहेबांचाच बेदाणा होता तिथलं यंत्र बंद! मेकॅनिक येणार परवा. बापूसाहेब धावत बाईंच्या दारात! बाईंनी चार तासांत यंत्र चालू केलं, बेदाणा वाचला.

मग चौथी सभा. आणि पहिलं काय? विमलबाईंचा सत्कार! काय म्हणावं या माणसांना! बापूसाहेब शाल घेऊन उभे, आणि बाई खुर्चीतून उठेचनात.

"अहो बाई, घ्या की!"

"आधी सही, बापूसाहेब."

"आधी सत्कार, मग विषय! पद्धत आहे आपली."

"मग राहा धरून. मी तीन सभा बसूनच होते."

बापूसाहेबांचे हात भरून आले, तेव्हा कुठं सही झाली. किती वेळ लागला? अर्धं मिनिट! बाईंनी तिथंच यादी काढली. अठरातली सातच गावात उरली होती. अकरा पोरं गेली हो, अर्ध्या मिनिटापायी! शाल तशीच खुर्चीवर राहिली.

आणि तुम्ही! माझ्यासाठी हार घेऊन कोण उठलंय ते? बसा खाली! तुमच्या शाळेत शिवणकामाचा वर्ग काढा, असा कपड्याच्या कारखान्याचा अर्ज वर्षभर पडलाय म्हणे. शाळेचे अध्यक्ष इथंच पहिल्या रांगेत बसलेत. हार नंतर, गजर नंतर! आधी त्यांच्या हातात पेन द्या!