पेत्राची खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोण?… विनी! बोल गं… नाही, झोपले नव्हते. पवित्र गुरुवारी दुपारी झोपायला मी काय पॅरिश कौन्सिलवर आहे?

हळू बोलतेय, कारण तुझे भाऊराय आतल्या खोलीत आहेत… नाही, झोपलेले नाहीत. रुसलेले आहेत. भिंतीकडे तोंड करून… जेवले ना. ते रुसले तरी जेवतात. दोनदा भात घेतला, पण माझ्याकडे न बघता.

कशावरून? अगं, तुमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगीत बातम्या पोचत नाहीत का?… दारंच बंद असतात सगळ्यांची? तरीच.

बरं, ऐक. आज संध्याकाळी फादरांनी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात ना… हो, बारा प्रेषितांच्या. त्यातली पहिली पेत्राची. ती आधी तुझ्या बाबांची होती, आता ह्यांची. वाडीच्या वाटण्या झाल्या, विहिरीच्या झाल्या, पण त्या खुर्चीला कुणी हात लावला नाही… आणि शेवटची कुणालाच नको. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची ना ती! गेल्या वर्षी नव्याने राहायला आलेल्या एका भाडेकरूला बसवलं. बिचारा सगळ्यांना सांगत फिरला, किती मान दिला म्हणून.

हो, हो… अगं ऐक ना पुढे. या वर्षी फादर नवीन… तेच, मोटरसायकलवाले. झावळ्यांच्या रविवारी प्रवचनात म्हणाले, ज्याचे पाय मी धुणार त्याने एक-एक आळी वाटून घ्यायची. वर्षभर तिथल्या आजाऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे जायचं. औषध द्यायचं, पाणी भरायचं, अंग पुसायचं… हो, अंग पुसायचं सुद्धा! वेदीवरून म्हणाले. थॉमसच्या बायकोने पंखा हलवायचा थांबवला.

झालं. मिस्सा संपली आणि बाराच्या बारा नम्र झाले… हसू नकोस, खरंच. थॉमस म्हणतो, ‘फादर, माझे पाय त्या लायकीचे नाहीत.’ जन्मात पहिल्यांदा खरं बोलला. म्हातारे म्हणाले, आता तरुणांनी पुढे यावं. तरुण म्हणाले, वडीलधारे असताना आम्ही कसे? पोर्तुगीज गेल्यापासून आपल्या गावात एवढी नम्रता कुणी बघितली नसेल.

हे? ह्यांनी तर छातीवर हात ठेवला. ‘मी पापी माणूस, फादर. माझी खुर्ची दुसऱ्या कुणालातरी द्या.’ आणि डोळे मिटून उभे… कशाला काय? आग्रहाची वाट बघत! आपल्याकडे पंगतीत कसं असतं? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा हात काढून घ्यायचा. जुन्या फादरांना ते ठाऊक होतं. तीनदा विनवायचे, मग हे उपकार केल्यासारखे बसायचे. हे फादर मुंबईत वाढलेले. म्हणाले, ‘देव तुमचं भलं करो, अंकल,’ आणि गेले चहा प्यायला.

… नाही गं, एकदाही नाही विनवलं! हे डोळे मिटून तसेच. मीच दंडाला धरून बाहेर आणलं.

पण विनी… नाही, ते नाही. मी त्यासाठी हळू बोलत नाहीये. ऐक. ती खुर्ची फादरांनी मला दिली.

हॅलो?… विनी?… आहेस ना?

मला गं. तुझ्या वहिनीला… पेत्राचीच… बायकांचे पाय चालतात का हे मला काय विचारतेस? फादर म्हणाले, चार बायका बसवणार, कुणाची तक्रार असेल तर माझ्याकडे पाठवा.

काल. मी सालोमीमावशीकडे होते… तीच, मागच्या आळीतली, अंथरुणाला खिळलेली. तिचे केस विंचरत होते. फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. मावशी त्यांना म्हणाली, ‘पानी दे रे बाबा.’ फादर बावचळले, माठ सापडेना. शेवटी मी दिलं. मग जाताना दारात थांबून म्हणाले, अकरा जण कसेबसे तयार केले, एक खुर्ची अजून रिकामी आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे फादर, आमच्याच घरातून रिकामी झालीय.

… लगेच हो म्हटलं. नको-नको केलंच नाही. ह्यांचं काय झालं ते बघितलं होतं ना!

खरं सांगू, विनी?… मलाही बसायचंय गं. इतकी वर्षं आळीतल्या म्हाताऱ्यांचं करते, आणि हे म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या. एकदा तरी सगळ्यांसमोर, पुढे… हो, गर्वच आहे. कन्फेशनला सांगेन ना. ईस्टर झाल्यावर.

नाही सांगितलं अजून. तोच तर घोळ आहे! आता सांगितलं तर ईस्टरला घरात सुतक. न सांगता जाऊन बसले, तर आपल्या खुर्चीत बायको बघून हे तिथल्या तिथे स्वर्गाच्या दारात खऱ्या पेत्राला भेटायला जातील.

काय?… डोकं दुखतंय म्हणून घरी राहू?… आणि मावशीला कोण बघेल? थॉमस?… ते मी असंही करतेच, बरोबर. पण मग वर्षभर मी एकटीच करायचं आणि बाकीच्यांनी नम्र राहायचं, असंच ना? नाही. या वर्षी बारा जणांना कामाला लावलंय फादरांनी, त्यात मी माघार घेतली की बाकीचे अकराही घेतील. बघच तू… हां. जाऊन बसायचंच. आता बोललीस माझ्या मनातलं.

साडीचं नाही काही, साडी आहे. पाय बघ ना माझे. उभा जन्म मेथीच्या वाफ्यात गेला. टाचांना अशा भेगा, फादरांचा टॉवेल अडकेल त्यात… पार्लरमध्ये? पवित्र गुरुवारी? भर बाजारात कुणी बघितलं तर? पेत्र गेला होता का पार्लरला?

… ते आहेच. सगळे घरून धुऊनच येतात. थॉमस तर पावडर लावून येतो. गेल्या वर्षी फादरांच्या हाताला लगदा.

थांब… थांब जरा. कडी वाजली.

… विनी, समोर उभे आहेत. सगळं ऐकलं… माझं नाही, तुझं! रिसीव्हरमधून अंगणापर्यंत जातो तुझा आवाज. खानदानी आहे.

अहो, बघताय काय असं?… हो. मला दिली… मी मागितली नव्हती. तुम्ही सोडलीत, त्यांनी मला दिली… नाही, परत नाही देणार. आता रागवायचं तर रागवा.

… गेले गं. मोरीत गेलेत… पाण्याचा आवाज येतोय… छे, आंघोळ सकाळीच झाली. फोन ठेवू नकोस तू, मला भीती वाटतेय.

आले. बादली घेऊन… अहो, हे काय?… कुठे बसू?… विनी, स्टुलावर बस म्हणतात. म्हणतात, ‘आमच्या घराण्यातला पाय त्या खुर्चीपुढे कधी मळका गेला नाही. तू ह्या टाचा घेऊन आमचं नाव घालवणार.’… घराण्याची अब्रू गं! माझ्यासाठी नाही काही… अहो, तो साबण कपड्यांचा! अंगाचा आणा.

… खाली बसलेत, विनी. लुंगी खोचून, फरशीवर. गुडघा दुखतो म्हणून मिस्सेत सुद्धा टेकत नाहीत हे… तू आता बोलू नकोस, त्यांना ऐकू जातं.

हळू! टाच घासायचा दगड आहे तो, रंधा नाही… देते ना दुसरा, ओढू नका… काय?… विनी, विचारतायत, सालोमीच्या घरी पाणी कुठून भरतेस, ती विहीर तर लांब आहे… अहो, लांबच आहे. दोन कळश्या आणते… रविवारपासून बादल्या मी नेईन म्हणतात… आणि फादरांना सांगायचं नाही म्हणे. आणि विनीला तर मुळीच नाही.

… नाही गं. रडत नाहीये. गुदगुल्या होतायत… अहो, बोटांच्या मध्ये नको ना!… ठेवते गं, विनी… ठेवते म्हटलं ना!