एका बाजूने पेटलेली गाडी

नाही, पण मी म्हणतो, यात चूक माझी कशी? बायको बसली दुसऱ्याच्या गाडीत, आणि बोलणी कोणी खायची? मी! तुम्हाला सांगतो, सामान घेऊन ही दुकानातून बाहेर आली, राखाडी गाडी दिसली, दार उघडलं, बसली, पिशव्या पायाशी घेतल्या आणि सुरू... "तुमचं ना, कशात म्हणून लक्ष नसतं, गिझर कधीचा बंद पडलाय, एक फोन करवत नाही, नुसते ढिम्म बसून..." आणि शेजारचा माणूस बिचारा सगळं ऐकून घेऊन अदबीने म्हणतो, "वहिनी, तुमचं सगळं पटतंय मला, पण मी तुमचा नवरा नाही." आता बोला! मी तिकडे मागच्या रांगेत, आमच्या राखाडी गाडीत घोरतोय! घरी येईपर्यंत हिचं एकच, "किती शांतपणे ऐकून घेतलं हो त्यांनी! आणि ही आपली गाडी... जगातल्या सगळ्या गाड्यांसारखी गाडी! काहीतरी करा तिला, ओळखू तरी येऊ दे!"

काहीतरी म्हणजे आरशाला लाल रिबीन बांधा, एवढंच तिला म्हणायचं होतं. हे मला कळलं नंतर. मी गेलो मेव्हण्याकडे. म्हणजे ठरलेलं काही नव्हतं हं, नुसतं विचारायला!

हिच्या या धाकट्या भावाची गाडी म्हणजे काय सांगू... खालून निळा उजेड, मागे एवढी रुंद शेपटी की वर चादरी वाळत घालाव्यात, आणि हॉर्न असा की पुढचा आधी उडी मारतो आणि मग शिव्या देतो. म्हणतो कसा, "भाऊजी, गाडी म्हणजे माणसाचा स्वभाव! तुमची बघा... राखाडी!" लागलं हो मला ते. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. केस राखाडी, शर्ट राखाडी, पँट राखाडी... मला पार्किंगमध्ये उभं केलं असतं तर बायकोने मलाही ओळखलं नसतं!

आता माझा धंदा काय? मी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि म्हणायचं, "वा! दहा वर्षांनी तरुण दिसता!" सगळ्यांना म्हणतो. ज्याला अजिबात शोभत नाही, त्याला जरा मोठ्याने म्हणतो. असा मी, लोकांना गंडवण्यात मुरलेला माणूस, मला कोण गंडवणार? या तोऱ्यात गेलो गाड्या नटवायच्या दुकानात. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. "साहेब, फार अन्याय झालाय हिच्यावर."

मी म्हटलं, "ठरलेलं काही नाही हं, नुसतं विचारतोय!"

"विचारा की! तोवर कारागीर जरा माप घेईल." घेऊ दे, मापाने काय होतंय? मग म्हणाला, "जरा कागद धरून दाखवतो." धर बाबा. मग म्हणाला, "धरून अंदाज येत नाही, चिकटवून दाखवतो..." आणि तुम्हाला सांगतो, बघता बघता ड्रायव्हरच्या बाजूने ज्वाळा! पुढच्या चाकातून निघालेल्या, दोन्ही दारांवरून मागे झेपावणाऱ्या, लाल, केशरी, टोकाला पिवळ्या जर्द! उस्ताद दोन पावलं मागे सरकला, डोळे बारीक केले आणि ओरडला, "वा साहेब! दहा वर्षांनी तरुण दिसता!"

अहो, माझं वाक्य! माझंच! ते मोठ्याने कोणाला म्हणायचं असतं हे मला ठाऊक, आणि हा तर बोंबललाच! तरी मी फुललो. पोट आत घेतलं. ज्वाळांवर हात टेकवून उभा राहिलो. आणि तेवढ्यात रस्त्याने आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक आजी आल्या. नाकावर चष्मा मीच दिलेला, नवा, सगळं स्वच्छ दाखवणारा, काय अवदसा सुचली होती मला! थबकल्या, आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात, "अहो चष्मेवाले, मागे सरका! गाडी पेटलीय तुमची!"

आणि मी, त्या ज्वाळांवर हात टेकवून, काय म्हणावं? "नाही हो आजी, ठरलेलं काही नाही, नुसतं विचारतोय!"

त्या एक पाऊल जवळ आल्या, ज्वाळा बघितल्या, मग मला बघितलं, आणि इतक्या मायेने म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना रे?"

सुटलं पोट! मी ओरडलो, "उस्ताद, बास! दुसरी बाजू नको! हेही काढा!" तो म्हणाला, "काढतो की. रंगासकट निघेल."

तेव्हापासून आमची गाडी एका बाजूने वणवा, एका बाजूने सरकारी कचेरी. बायको शेजारी बसते आणि म्हणते, "माझ्या बाजूने सभ्य आहे, तुमचं तुम्ही बघा." मुलगी कॉलेजात जाते, तिची अट, फाटकाला राखाडी बाजूच दिसली पाहिजे, म्हणून मी रोज अख्ख्या कॉलेजला उलटा वळसा घालतो. सिग्नलला इकडून पोरं इंजिन गुरगुरवतात, "काका, लावायची का शर्यत?" आणि तिकडून एखादे निवृत्त गृहस्थ मान लववून नमस्कार करतात, आणि मधे मी... कोणाला तोंड द्यावं?

शेवटी विकायला काढली. परवा एक गिऱ्हाईक आलं. सज्जन माणूस. राखाडी बाजू बघितली, खूश झाला. मग वळसा घालून पलीकडे गेला, आणि दारांशी खाली वाकला! मी टाचा उंचावून बघतोय. मग टपावरून त्याचं डोकं वर आलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगा... अपघात झाला होता का?"

आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, "झाला होता. गाडीला काही झालं नाही, ड्रायव्हरच्या डोक्याला लागलं."