कोरडी नाळ

साकोलीच्या बसस्टँडवर आनंदराव मास्तर पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेजारी पंचफुलाबाई सुईण आणि तिची लेक शकुन नागपूरच्या गाडीची वाट पाहत बोलत होत्या.

"परत चाल, शकुन. नर्सची परीक्षा काय पळून चालली? सहा महिन्यांनी देजो. तुह्या वहिनीचे दिवस भरले."

"यंदा नाही बसली त जागा दुसरीले देतील, माय."

"देऊ दे. पहिल्यांदा नापास झालीच ना?"

"तुह्याच पायी झाली. नाळेले काय लावशील म्हणून परीक्षेतल्या बाईनं इचारलं, मी राख म्हणून गेली."

"काय वाईट सांगतलं? अर्धं सानगडी गाव माह्या हातानं जन्मलं."

"अन् वहिनीचं मागचं लेकरू? आठवड्यातच धनुर्वातानं आखडून गेलं ना ते?"

मास्तरांना वाटलं, उठून जावं. पण उठवेना.

"मीच थांबतो, माय," शकुन म्हणाली. "परीक्षा राहू दे. तुह्या हाती नाही सोडत वहिनीले."

गाडी येऊन लागली. कंडक्टर ओरडू लागला.

"चूप! बस गाडीत. यंदा काय सांगशील ते सांग आधी."

"हात साबणानं धुवाचे. ब्लेड उकळाची."

"मंग? राख?"

"काहीच लावाचं नाही. नाळ कोरडी ठेवाची."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, माय."

पंचफुलाबाईनं पिशवी लेकीच्या हातात कोंबली.

"जाय. तू तिथं बाईले जे सांगशील, तेच मी घरी करीन. चुकू नोको."