गळलेले केस, उपटलेले केस

शंतनु : सरळ विचारतोय, सरळ सांगा. मंगळवारी निधीला मी स्वतः इथे केस कापायला आणलं. बुधवारी ऑफिसला म्हणून निघाली, ती घरी आलीच नाही. काय बोललात माझ्या बायकोशी?

रूपश्री : केस कोरडे झालेत, तेल लावा म्हणाले. पार्लरात आणखी काय बोलणार सर?

शंतनु : आणि पडद्यामागे पंधरा मिनिटं ड्रायर? खांद्याएवढ्या केसांना? मी या सोफ्यावरच होतो.

भागीरथीबाई : अय्यो, अण्णा, स्वल्प, जरा बसा तरी. पाणी घ्या. मी मालकीण इथली. ही रूपश्री अकरा वर्षं माझ्याकडे आहे. काय असेल ते मला सांगा.

शंतनु : बसायला नाही आलो. बंगळूरात मराठी बोलायला मिळतं म्हणून ती बेळ्ळंदूरहून जयनगरला यायची, तेव्हाच थांबवायला हवं होतं. हे भिंतीवर काय लावलंय? ‘घरगुती हिंसा ओळखण्याचं प्रशिक्षण.’ आयब्रो करणाऱ्यांना हे पण शिकवतात आता?

भागीरथीबाई : मारतहळ्ळीला एका संस्थेनं दोन दिवस बोलावलं होतं पार्लरवाल्यांना. मी नकोच म्हणत होते. आपण भले न् आपलं काम भलं.

शंतनु : बघा, तुम्हाला कळतं. हिला नाही. दोन दिवस शिकायचं आणि लोकांची घरं फोडायची!

भागीरथीबाई : रूपा, माफी माग साहेबांची. विषय संपव.

रूपश्री : कशाची माफी, अक्का?

शंतनु : मॅडम, निधीला अँक्झायटी आहे. धडपडते, कुठेही आपटून घेते. डोक्यावर, डाव्या बाजूला, टेन्शननं केस गळालेत. चट्टा पडलाय. तेवढं बघून हिनं काहीतरी स्टोरी बनवली.

भागीरथीबाई : गळालेत?

शंतनु : हो. स्ट्रेस हेअरफॉल. कॉमन आहे.

भागीरथीबाई : कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

शंतनु : त्याचा इथे काय संबंध?

भागीरथीबाई : आहे संबंध. अडतीस वर्षं बायकांची डोकी हातात घेतेय मी. केस गळले की ती जागा बोटाला गुळगुळीत लागते. उपटले की खुंट राहतात, एक लांब, एक आखूड. टोचतात बोटाला.

रूपश्री : अक्का, नको. सोडा.

भागीरथीबाई : का सोडू? माणसाचं डोकं आहे की गवत, मुठीनं उपटायला? आणि वर मलाच केस शिकवतोय!

शंतनु : तोंड सांभाळून बोला. पोलिसांत जाईन मी.

भागीरथीबाई : जा की. थांबा, चपला घालते, मी पण येते. तिथे सांगू दोघं, गळाले की उपटले.

शंतनु : असा रिव्ह्यू टाकतो ना, महिन्यात शटर खाली येईल.

भागीरथीबाई : टाका. नाव नीट लिहा, भागीरथीबाई. आणि आधी बाहेर व्हा.

(काचेचं दार आपटून शंतनु जातो.)

भागीरथीबाई : बघ, चपला उलट्या घातल्यात मी. रागानं ग. भ्यायले नाही मी.

रूपश्री : अक्का, हेच करायचं नसतं. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी पहिलं तेच सांगितलं त्यांनी. नवऱ्याला कळू द्यायचं नाही. राग आपला निघतो, मार तिला बसतो.

भागीरथीबाई : देवा! मग आता? कुठाय ती पोर?

रूपश्री : माहीत नाही. मुद्दाम विचारलं नाही मी. जे माहीतच नाही, ते कोण काढून घेणार? तिचा फोन तो तपासतो, म्हणून माझ्या फोनवरून संस्थेच्या वीणाताईंशी बोलली. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी ड्रायर लावून उभी. थांबा, ताईंना आधी सांगते... हॅलो, ताई, जयनगरहून रूपश्री. तिचा नवरा येऊन गेला. हो, संशय आहे त्याला. चिडून गेलाय... बरं. बरं ताई. तिला सांगा, केसांची काळजी घे म्हणावं.

भागीरथीबाई : काय म्हणाल्या?

रूपश्री : सुखरूप आहे. त्याला कळलंय म्हणून आजच दुसरीकडे हलवतील. तिच्या ऑफिसातही सांगून ठेवतील.

भागीरथीबाई : तुला तिनं आपणहून सांगितलं?

रूपश्री : नाही. केस धुताना माझा हात तिथे थांबला. तिनं विचारलं, ‘दिसतंय का?’ म्हटलं, दिसतंय. अशी रडली अक्का! म्हणाली, इतक्या दिवसांत कुणीच दिसतंय म्हणालं नाही.

भागीरथीबाई : कुणीच नाही, म्हणाली?

रूपश्री : अक्का? बसा बघू. पाणी देऊ?

भागीरथीबाई : जानेवारीत तू गावाला गेली होतीस ना, तेव्हा आली होती ती. केस मी कापले.

रूपश्री : मग?

भागीरथीबाई : माझ्या बोटाला टोचलं होतं, रूपा.

रूपश्री : तुम्ही काय केलंत?

भागीरथीबाई : भांग बदलला. चट्टा झाकला जाईल असा. आणि म्हटलं, आता बघ, किती छान दिसतेस.