आधी पट्टी

हॅलो?… थांब, एक मिनिट… अहो, केस आहेत ते, नाडा नव्हे! ओढताय काय असे? राहू द्या. फणी ठेवा खाली आणि जा तुम्ही, चहाचं बघा… हॅलो? कोण?

…अगंबाई. तू होय.

नाही गं, झोपले कुठली. सकाळचे नऊ वाजलेत. तुझे भाऊजी माझी वेणी घालत होते… हस, हस. सात आठवडे झाले, रोज घालतात. वेणीला तीन पेड लागतात हे त्यांना अजून पटलेलं नाही. दोनांतच भागवतात बिचारे.

हो, हो… हात बरा आहे. म्हणजे जागेवर आहे.

…तेच तेच काय विचारतेस? मांडीची कातडी काढून दोनदा लावली, माहितीये तुला. तीन बोटं वळत नाहीत. अंगठा वळतो. करंगळी आपली हौसेनं हलते, पण कामाची काही नाही. तुमच्या घड्याळ्यासारखी.

…तुमच्याच. माझा सुपरवायझर होता तेव्हा होता. आता तुझा.

…काय निरोप दिलाय? 'लवकर बऱ्या व्हा'? अरे वा! तोंड नाही ना दुखलं त्याचं, एवढं बोलून? वीस वर्षं त्याच्या लाँड्रीत रोलरला चादरी लावल्या मी. कधी 'जरा पाणी प्या' म्हटलं नाही मेल्यानं, सारखं मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे. आणि आता निरोप. तोही तुझ्या हाती. बरोबर आहे, तुझे दोन्ही शाबूत आहेत.

…नाही गं, टोमणा कसला. सुचलं म्हणून बोलले.

अगं ऐक ना, तुला सांगायचंच राहिलं. परवा कंपनीची मंडळी आली होती घरी. एक फुलांचा गुच्छ, एक फळांची टोपली, आणि… ओळख बघू… हातमोजे! शपथ. कोऱ्या पिशवीत हातमोज्यांचा जोड, 'कंपनीतर्फे सप्रेम'. मी म्हटलं, बाई, उजव्याचा परत घेऊन जा, उगाच वाया जायचा. तर ती ऑफिसातली बाई खरंच विचारात पडली! एकच मोजा परत आला तर नोंद कशी करायची म्हणून.

…हो ना. सासूबाईंनी फळं ठेवून घेतली. म्हणाल्या, फळांचा काय दोष.

पण त्या पिशवीखाली कागद होता हो. आधी फुलं, मग फळं, मग मोजे, आणि सगळ्यांच्या बुडाशी कागद. वाचून दाखवू? थांब, चष्मा… हं. 'यंत्राची सुरक्षादांडी चालू स्थितीत होती. कामगार महिलेने निष्काळजीपणे हात पुढे केला असता दांडीने यंत्र तत्काळ थांबवले.' तत्काळ! ऐकलंस? डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत भाजायला निदान दहा-बारा सेकंद लागतात. दहा-बारा सेकंदांना कंपनीत तत्काळ म्हणतात. आपण जेवायच्या सुट्टीतून एक मिनिट उशिरा आलो तर मात्र युग लोटायचं.

…डॉक्टरांचं चालत नाही गं. तो अंदाज झाला म्हणे, पुरावा नव्हे.

…सुनावणी? उद्याच. साडेदहाला, भरपाईच्या ऑफिसात. तुला नोटीस आलीये ते माहितीये मला. म्हणूनच केलास ना फोन?

…बरं, नाही तर नाही. हाताची चौकशी करायला केलास. झाली चौकशी.

…अगं चिडले नाहीये मी. मी चिडले की सासूबाई देवाचं नाव घेतात, आता शांत बसल्यात, विचार हवं तर.

तुला वकीलबाईचं सांगू? काल आली होती. पोरसवदा आहे, पण कान देऊन ऐकते. रोलर कधी पाहिलेला नाही बिचारीनं. मग डाव्या हातानं चित्र काढून दाखवलं. हा रोलर, तापलेला, त्यातून ओली चादर जाते आणि पलीकडे इस्त्री होऊन निघते. अलीकडे मी, चादर लावायला. पलीकडे माझी धाकटी जाऊ, चादर धरायला… मग, नको सांगू? तूच होतीस ना?… आणि ही रोलरच्या तोंडाशी दांडी. हिला बोट जरी लागलं तरी मशीन जागच्या जागी बंद. तर ती म्हणते, मग हात आत गेलाच कसा? म्हटलं, दांडी वर बांधलेली असायची ना बाई. चादरीची जाड शिवण आली की दांडीला लागायची, मशीन थांबायचं. दिवसातनं चाळीस वेळा. घड्याळ्याचा जीव वरखाली. मग त्यानंच जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या, आणि सकाळी जी पहिली येईल तिनं दांडी वर बांधायची. आणि तपासणीवाला आला की?… घंटा! गेटवरनं घंटा झाली की आधी पट्टी सोडायची, मग बाकी सगळं.

…तोंडच बघत राहिली माझं. म्हणाली, हे सगळ्यांना माहीत होतं? म्हटलं, भिंतीवरच्या पोस्टरलासुद्धा. 'सुरक्षा आधी' लिहिलेल्या पोस्टरच्या खिळ्यालाच तर पट्ट्या अडकवलेल्या असायच्या.

आणि तो सराव सांगितला तिला. दर महिन्याला, घड्याळ लावून! 'आधी पट्टी! आधी पट्टी!' ओरडत फिरायचा, जसं काही घर पेटलंय. तुझा पहिला नंबर यायचा. तीन सेकंद. थर्मास मिळाला होता ना तुला?… अजून वापरतेस?… बरं, विचारलं फक्त.

…

हं. आता आलीस मुद्द्यावर. बोल.

…गणतीचं टेबल? चादरी मोजायचं? तुला? बसून काम?… खुर्ची आहे? पाठीची?… अगंबाई, पाठीची खुर्ची! वीस वर्षांत त्या खोलीत मी साधं स्टूल पाहिलं नाही. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात मी बादली पालथी घालून बसले होते, तर तीही काढून घेतली होती घड्याळ्यानं. केव्हापासून म्हणालीस?… मी भाजल्यापासून चौथ्या दिवशी. फार तत्परता आहे हो कंपनीत. तत्काळच म्हण ना.

…आणि जबाबावर सही?

…सही केलीस का, एवढंच विचारलं मी. पोटदुखी, पोरांच्या परीक्षा, तुझ्या नवऱ्याची सुटलेली नोकरी, हे सगळं ऐकेन मी नंतर. आधी सही.

…केलीस.

…काय लिहिलंय त्यात? 'मी पाहिलं नाही'?

अगं, आठ वर्षं एका चादरीची दोन टोकं धरली आपण! मी लावायचे, तू ओढायचीस. मला शिंक येणार हे तुला पलीकडून कळायचं. आणि तू पाहिलं नाहीस.

…'दिलं त्यावर केली' म्हणजे? दिलं ते वाचायला कोणी नको म्हटलं होतं? किराणा आणायला गेलीस तर पिशवीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचतेस तू. दुकानदार लपतो तुला बघून.

…रडू नकोस. हात माझा भाजलाय, तू कशाला रडतेस?

…हो, हो… ऐकतेय… 'देतात ते घ्या आणि मिटवा.' हे तुझं की घड्याळ्याचं?… मलाही वाटलं. तुला 'मिटवा' शब्द कधी वापरताना ऐकलं नाही मी. अगं, ते देत काय आहेत? फुलं दिली, ती सुकली. फळं दिली, ती सासूबाईंनी खाल्ली. दांडी बांधलेली होती हे ठरलं तर दोष कंपनीचा, मग हाताची भरपाई. नाही ठरलं तर दोष माझा, म्हणजे मी हौसेनं स्वतःचा हात इस्त्री करून घेतला. मधलं काही नाही. त्यांच्याकडे तक्ता आहे म्हणे, अंगठ्याला किती टक्के, मधल्या बोटाला किती. मोडीत काढलेल्या गाडीचे सुटे भाग जसे. त्या तक्त्यातसुद्धा मला घ्यायला तयार नाहीत ते!

आणि या हातानं आता काम कुठलं मिळणार मला? पेला धरता येत नाही. काल कुलपाची किल्ली फिरवता आली नाही, स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहिले, शेजारची येईस्तोवर.

…नाही, तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. झालं ते सांगतेय.

बरं, मला एक समजावून सांग. पट्टी सापडली नाही म्हणतात. दांडी खाली होती, चालू होती, आणि दांडीनंच मशीन थांबवलं. घड्याळ्यानं सगळ्यांना गोळा करून दाखवलं म्हणे, बघा, मशीन दांडीनं थांबल्याचा दिवा लागलाय, लाल बटणानं थांबल्याचा नाही. मग पट्टी गेली कुठे? पाय फुटले तिला?

…



…वकीलबाईनं विचारलं होतं मला, पट्टी कोणी सोडली. म्हटलं, मला काय दिसणार, मी ओरडत होते… हो, असंच सांगितलं. तुझ्या भाऊजींनाही हेच सांगितलंय. त्यांनी परत विचारलं नाही. या घरात कोणीच विचारत नाही. चहात साखर किती घातली हे दोनदा विचारणाऱ्या सासूबाई, त्याही नाहीत. सगळ्यांना मशीनचं बोलायचं असतं, कंपनीचं बोलायचं असतं, घड्याळ्याला शिव्या घालायच्या असतात. तेवढं एक सोडून.

आणि तू. रोज येतेस, दाराशी डबा ठेवतेस, कडी वाजवतेस आणि मी उठून येईपर्यंत जिना उतरलेली असतेस. चपलांचा आवाज ओळखते मी तुझ्या. भाजी खारट असते हल्ली तुझी.

…उपकार नकोत मला. आत ये किंवा येऊ नकोस.

…नाही. मी नाही म्हणणार ते. माझ्या तोंडून नको. मी बोलले तर तो आरोप होईल, आणि तुझ्यावर आरोप करायला मी तुला तिथे कामाला लावलं नव्हतं. मी फक्त विचारते, तू सांग. त्या दिवशी सकाळी पहिलं कोण आलं होतं?… हं. तू. ठीक आहे, कोणीतरी येणारच पहिलं. दांडी बांधली?… बांधली. रोज कोणी ना कोणी बांधायचंच. त्याचं नाही मला काही.

मग चादर अडकली, मी सारखी करायला गेले, आणि ओरडले. तेव्हा तू कुठे होतीस?

…समोर. आणि मशीन बंद करायचं लाल बटण?

…तुझ्या कोपराशी. हं.

मग?

…

…आहे मी. ठेवला नाहीये फोन.

…

ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल. तुझा नवरा आत असला तर असू दे, ऐकू दे त्यालाही.

…

…हं.

…'बटण दाबलंच नाही.'

…'आधी पट्टी सोडत बसले.'

…गाठ सुटेना. ओली होती. हो. सुटेना ती.

…माहितीये गं. मी पाहिलं होतं… पहिल्यापासून. तुझी बोटं गाठीवर आणि डोळे माझ्यावर. तुझंही तोंड उघडं होतं, ओरडायला, आणि हात आपले गाठ सोडतायत.

…नाही. माझ्या ओरडण्यात तुला सरावाची घंटाच ऐकू आली, माझी हाक नाही. कुत्र्याला शिकवावं तसं शिकवलं त्यानं आपल्याला, वर थर्मास दिला. त्या हरामखोराला उद्या सांगायचं आहे हे, मला नाही. मला सात आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतंस, ते वेगळं. त्याचा राग आहे मला. राहील थोडे दिवस.

…काय? काय तुझ्याकडे आहे?

…पट्टी?… एप्रनच्या खिशात? इतके दिवस?… धुतलीस?… नाही ना? बरं. हात लावू नकोस आता, कागदात गुंडाळून ठेव.

…खुर्ची जाईल. हो, जाणारच… नाही, खोटं कशाला सांगू, जाईल.

ऐक. उद्या आत्ता म्हणालीस तेवढंच म्हणायचं. 'बटण दाबलं नाही, आधी पट्टी सोडली.' का, ते विचारतील. मग सराव सांगायचा. रडून नको. पदरचं काही घालून नको.

…नऊला ये माझ्याकडे. आत ये. पट्टी आण, आणि डबा आणू नकोस. वेणी घालून दे मला, दोन पेडांची वेणी घेऊन नाही जायचं मला त्या लोकांसमोर.

…हो. तीन पेडांची. ठेव आता.